आकाशमार्गाचे ज्ञान आणि वैमानिकांचे मत : सुट्या जीपीएस-यंत्रांचा विचार, खानदेशच्या संदर्भात

1. प्रश्नाचे स्वरूप

यंत्रांचा इतिहास बहुधा ती घडविणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. अमुक साली अमुक शोध लागला, पुढे तो सुधारला, मग तो सर्वत्र पसरला, अशा क्रमाने हा इतिहास सांगितला जातो. त्या यंत्रावर ज्यांनी आपला जीव सोपविला त्यांचे त्याविषयी काय मत होते, ह्याची नोंद मात्र क्वचितच होते. विमानविद्येच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण मार्ग दाखविणाऱ्या प्रत्येक नव्या साधनाविषयी वैमानिकांत आरंभापासून दोन पक्ष पडत आले आहेत. जे साधन चूक कमी करते ते घ्यावे, असे एक पक्ष म्हणतो. जे साधन चूक ओळखण्याची शक्तीच कमी करते त्यापासून जपून राहावे, असे दुसऱ्याचे म्हणणे असते. हाती धरता येईल किंवा विमानाच्या काचेवर तात्पुरते बसविता येईल असे सुटे जीपीएस-यंत्र 1990 नंतरच्या दशकात प्रचारात आले, तेव्हापासून ह्या जुन्या वादाला नवे रूप प्राप्त झाले आहे.

ह्या वादाचा विचार खानदेशच्या संदर्भात करण्यास सबळ कारण आहे. 1928 साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने एकविसाव्या शतकात आपल्या प्रशिक्षणासाठी धुळ्याजवळील गोंदूरची धावपट्टी निवडली. शिरपूर तालुक्यात तांडे येथे धावपट्टी असून तेथेही वैमानिक घडविले जातात. जळगावची धावपट्टी 1973 सालची. ती वाढवून नव्या रूपात मार्च 2012 मध्ये तिचे उद्घाटन झाले, आणि 2021 साली भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाने उड्डाण-प्रशिक्षण संस्थांसाठी जी विमानतळे निवडली त्यांत जळगावचा समावेश होता. तापीच्या खोऱ्यातील हा टापू अशा रीतीने शिकाऊ वैमानिकांचा टापू बनला आहे. मार्गज्ञानाविषयीचा वाद अनुभवी वैमानिकाच्या दृष्टीने कदाचित आवडीनिवडीचा असेल. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो पायाचा प्रश्न आहे.

2. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात बिनतारी यंत्रणा नव्हती आणि जमिनीवरही मार्ग दाखविणारे कोणतेही साधन नव्हते. किनारा, नदी, लोहमार्ग आणि गावे हीच खूण. होकायंत्राने दिशा धरावयाची, घड्याळाने वेळ मोजावयाची, वाऱ्याचा अंदाज करून दिशेत दुरुस्ती करावयाची आणि अपेक्षित वेळी अपेक्षित खूण खाली दिसते की नाही ते पाहावयाचे, एवढीच ही विद्या होती. तिच्यात गणित होते, तसेच भूप्रदेशाचे वाचनही होते. आणि ह्या दोहोंचा मेळ बसला नाही तर आपण चुकलो आहो हे वैमानिकाला आपोआप कळत असे.

अशा वाचनाला खानदेशसारखा अनुकूल प्रदेश विरळा. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी ह्या भूमीची रचना एखाद्या रेखाकृतीसारखी स्पष्ट आहे. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा ह्या नद्या तापीस मिळतात, तर सातपुड्यातून अनेरसारख्या नद्या उतरतात. सुरत-भुसावळ लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातून जातो. चाळीसगाव-धुळे ही शाखा दक्षिणोत्तर आहे, आणि मुंबई-आग्रा रस्ता धुळे व शिरपूर ह्यांना जोडीत सातपुडा ओलांडतो. आकाशातून पाहणाऱ्यास ह्या रेषा एकमेकींना छेदताना दिसतात, आणि प्रत्येक छेदबिंदू म्हणजे स्थाननिश्चितीचे एक साधन होय.

तथापि ह्या पद्धतीच्या मर्यादाही त्याच भूमीवर दिसतात. धुळे व जळगाव ह्यांतील सरळ अंतर सुमारे 82 किलोमीटर, म्हणजे 44 सागरी मैल आहे. ताशी 90 सागरी मैल वेगाने जाणाऱ्या शिकाऊ विमानास हे अंतर कापण्यास सुमारे अर्धा तास लागतो. दक्षिणेकडून ताशी 15 सागरी मैलांचा आडवा वारा असेल आणि वैमानिकाने त्याची दुरुस्ती केली नसेल, तर अर्ध्या तासात विमान सुमारे 14 किलोमीटर उत्तरेस ढकलले जाईल. म्हणजे जळगाव खाली दिसावयाचे त्या क्षणी तापीचे पात्र जवळ आलेले असेल. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा असतो. हा वारा जळगावकडे निघालेल्या विमानास नेमके सातपुड्याच्या बाजूस सारतो. आकाश निरभ्र असेल तर नदी दिसताच चूक कळते. ढग खाली आले असता नदीही दिसत नाही आणि डोंगरही दिसत नाही. जुन्या विद्येचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे विसरून चालत नाही की, तिचा सर्व आधार दृष्टीवर होता.

3. रेडिओलहरींचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर रेडिओ-दिशादर्शक केंद्रांचे जाळे पसरले. 1944 सालच्या शिकागो परिषदेतून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने ह्या केंद्रांचे मानक ठरविले, आणि व्हीओआर ह्या नावाने ओळखली जाणारी केंद्रे पुढील अर्धशतकात हवाईमार्गांचे जणू मैलाचे दगड ठरली. आकाशातील मार्ग ह्या केंद्रावरून त्या केंद्राकडे आखले जाऊ लागले.

खानदेशात खालून उडणाऱ्या लहान विमानास ह्या व्यवस्थेचा लाभ बेताचाच होता, आणि त्याचे कारण पुन्हा भूगोलातच सापडते. व्हीओआरच्या लहरी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात; मध्ये डोंगर आला की त्या अडतात. जवळचे मोठे विमानतळ म्हणजे औरंगाबादचे, आजचे छत्रपती संभाजीनगर. ते समुद्रसपाटीपासून सुमारे 580 मीटर उंचीच्या पठारावर आहे, तर तापीचे खोरे 200 ते 250 मीटर उंचीवर. अजिंठ्याचा कडा ह्या दोहोंच्या मध्ये भिंतीसारखा उभा आहे. खोऱ्यात कमी उंचीवरून जाणाऱ्या विमानास पठारावरील केंद्राचा संकेत मिळण्यासाठी पुरेसे वर चढणे भाग पडते. परिणामी मोठी प्रवासी विमाने रेडिओच्या युगात जाऊन पोहोचली तरी लहान विमानाचा वैमानिक बराचसा 1932 च्याच युगात राहिला. उपग्रहाच्या साहाय्याने स्थान सांगणारे यंत्र आले तेव्हा त्याचे स्वागत सर्वांत उत्कटतेने लहान विमानांच्या वैमानिकांनी केले, ह्याची मीमांसा येथे मिळते. उपग्रह वरून पाहतो. त्याला अजिंठ्याचा कडा आड येत नाही.

4. उपग्रहांचे आगमन

जीपीएस ही मुळात अमेरिकी संरक्षण खात्याची योजना होय. तिचा पहिला उपग्रह फेब्रुवारी 1978 मध्ये सोडण्यात आला. 1 सप्टेंबर 1983 रोजी मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन एअरलाइन्सचे प्रवासी विमान पाडले गेले आणि 269 माणसे मृत्यू पावली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन ह्यांनी ही योजना पूर्ण होताच नागरी उपयोगासाठी विनामूल्य खुली करण्याचे घोषित केले. 1995 साली चोवीस उपग्रहांची व्यवस्था पूर्ण कार्यान्वित झाली. मात्र नागरी संकेतात हेतुपुरस्सर दोष मिसळलेला असे, त्यामुळे स्थानात 100 मीटरपर्यंत फरक पडे. मे 2000 च्या आरंभी हा दोष काढून टाकण्यात आला आणि अचूकता एकदम कित्येक पटींनी वाढली.

1989 साली स्थापन झालेली गार्मिन ही कंपनी ह्या यंत्रांची प्रमुख निर्माती ठरली. आरंभीच्या सुट्या यंत्रांचा पडदा कृष्णधवल व लहान होता. ठिकाणाची दिशा, अंतर, वेग आणि पोहोचण्यास लागणारा वेळ एवढे ते सांगत. त्या काळातील वैमानिकांचे आक्षेप मुख्यतः व्यवहारातील होते. घट लवकर संपतात, उन्हात पडदा दिसत नाही, ॲन्टेनाची तार गुंतते, आणि हेलकावे खाणाऱ्या विमानात बारीक कळा दाबता येत नाहीत, अशा तक्रारी असत. यंत्र सांगते ते खरे की खोटे, हा संशयही असेच. परंतु तो संशय आरोग्यकारक होता. वैमानिक नकाशा मांडीवर ठेवून यंत्राची परीक्षा घेत असे. यंत्र हा साक्षीदार होता, न्यायाधीश नव्हता. पुढील पंधरा वर्षांत ही भूमिका हळूहळू उलटली.

5. नवी वैशिष्ट्ये आणि त्यांविषयीची मते

पहिला मोठा बदल म्हणजे हलता नकाशा. पडद्यावर भूप्रदेश सरकतो, विमानाची आकृती मध्यभागी राहते आणि जावयाच्या ठिकाणापर्यंत एक किरमिजी रेषा आखली जाते. ह्या रेषेने वैमानिकाचे श्रम वाचविले ह्याविषयी दुमत नाही. वाऱ्याने विमान किती ढकलले हे गणिताने काढण्याचे प्रयोजन उरले नाही, कारण सरकलेले अंतर डोळ्यांना दिसू लागले. परंतु 1997 साली अमेरिकन एअरलाइन्सच्या प्रशिक्षण केंद्रात कॅप्टन वॉरेन व्हँडरबर्ग ह्यांनी दिलेल्या एका व्याख्यानाने ह्याच रेषेस एका नव्या टीकेचे प्रतीक बनविले. त्यांचा रोख मोठ्या विमानांतील स्वयंचलनावर होता. रेषेच्या मागे जाण्याची सवय जडलेला वैमानिक, रेषा चुकली असता हातात विमान घेण्यास कचरतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ. किरमिजी रेषेची लेकरे हा त्यांचा शब्दप्रयोग पुढे लहान विमानांच्या वैमानिकांतही रूढ झाला. त्यामागील भीती साधी होती: चुकण्याची शक्यता कमी झाल्यावर चूक ओळखण्याचा सराव कोठून येणार?

ह्या नकाशाशी निगडित आणखी एक मतभेद किरकोळ वाटला तरी भाषाभ्यासकास उद्बोधक आहे. नकाशाचा वरचा भाग नेहमी उत्तर दाखवीत असावा, की विमान जिकडे चालले आहे ती दिशा दाखवीत असावा? यंत्रात दोन्ही सोयी असतात आणि दोहोंचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. दिशा सांगण्याची एक रीत वक्त्याच्या शरीरावर आधारलेली असते, जसे डावा-उजवा. दुसरी रीत शरीरनिरपेक्ष असते, जसे पूर्व-पश्चिम. स्टीफन लेव्हिन्सन ह्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, ऑस्ट्रेलियातील गूगू यिमिथिर ह्या भाषेचे बोलणारे घरातील वस्तूंविषयीसुद्धा दुसऱ्या रीतीनेच बोलतात हे दाखविले आहे, आणि भाषेच्या ह्या सवयीचा स्थळविषयक विचाराशी संबंध जोडला आहे. मराठी ग्रामीण बोलीतही शेताची बांधबंदिस्ती सांगताना उगवतीकडे, मावळतीकडे असे शब्द सहज येतात. विमान वळले की नकाशा वळावा असे म्हणणारा वैमानिक यंत्राकडून पहिल्या रीतीने बोलण्याची अपेक्षा करतो. उत्तर अढळ राहावी असे म्हणणारा वैमानिक मनात सबंध प्रदेशाचे चित्र राखू इच्छितो. सातपुडा कोणत्या बाजूस आहे हे न पाहता सांगता येणे ही दुसऱ्या पक्षाची कसोटी आहे, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती अधिक मोलाची म्हटली पाहिजे.

दुसरे वैशिष्ट्य भूउंचीच्या इशाऱ्याचे. 2004 साली आलेल्या गार्मिनच्या 296 ह्या सुट्या यंत्रात डोंगरांची उंची साठविलेली होती. विमानाच्या उंचीखाली 1000 ते 100 फुटांच्या अंतरात असलेला भूभाग पडद्यावर पिवळा, आणि त्याहूनही जवळ किंवा वर असलेला भूभाग तांबडा दिसे. मोठ्या विमानांपुरती असलेली ही सोय हातातील यंत्रात येणे ही असामान्य घटना होती. सर्व नव्या वैशिष्ट्यांत वैमानिकांची सर्वाधिक एकवाक्यता ह्याच एका बाबतीत आढळते. जो वैमानिक किरमिजी रेषेची थट्टा करतो तोही तांबड्या डोंगराची थट्टा करीत नाही. खानदेशात ह्या मताचे महत्त्व सांगावयास नको. तोरणमाळचे पठार सुमारे 1150 मीटर उंच आहे, अस्तंभ्याचे शिखर 1325 मीटरपर्यंत जाते, आणि खोऱ्याच्या सपाटीवरून सातपुडा काही ठिकाणी एकाएकी वर चढतो. 16 जुलै 2021 रोजी, ऐन पावसाळ्यात, चोपडा तालुक्यातील वर्डी परिसरात सातपुड्याच्या बाजूस एक प्रशिक्षण-विमान कोसळले. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि शिकणारी वैमानिक जखमी झाली. ह्या एका अपघातावरून यंत्रांच्या बाजूने वा विरुद्ध काही सिद्ध करू पाहणे युक्त होणार नाही. मात्र ज्या प्रदेशात हा वाद चालला आहे तेथे त्याची किंमत कोणत्या नाण्यात मोजली जाते, ह्याचे स्मरण त्यावरून राहते.

तिसरे वैशिष्ट्य हवामानाचे चित्र. 2005 सालच्या 396 ह्या यंत्रात उपग्रह-रेडिओवरून पावसाचे चित्र उतरविण्याची सोय आली आणि अमेरिकी वैमानिकांनी तिचे मोठे कौतुक केले. काहींच्या मते जीपीएसनंतरची ही सर्वांत मोठी सुधारणा होय. परंतु हे चित्र तत्काळचे नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 साली सावध केले की, पडद्यावर दाखविलेल्या वेळेपेक्षा प्रत्यक्ष माहिती काही प्रसंगी 15 ते 20 मिनिटे अधिक जुनी असू शकते. वादळी ढग तेवढ्या वेळात कित्येक मैल पुढे गेलेला असतो. खानदेशच्या दृष्टीने हा प्रश्न निराळाच होता, कारण ती प्रसारण-सेवा अमेरिका खंडापुरती होती. यंत्र तेच, किंमत तीच, परंतु ज्या गुणासाठी ते नावाजले गेले तो गुण येथे मुका. उपग्रहावरून लघुसंदेश पाठविणाऱ्या यंत्रांची गतही तशीच. दूरसंचार खात्याच्या अनुमतीवाचून अशी यंत्रे भारतात बाळगता येत नाहीत, आणि संकटकाळी उपयोगी पडावा म्हणून दिलेला हा गुण येथे बाळगणाऱ्यावरच संकट आणू शकतो. यंत्राविषयीचे मत देशकालनिरपेक्ष नसते, हे ह्या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. परदेशी वैमानिकांची प्रशस्ती वाचून यंत्र निवडणाऱ्याने हे ध्यानी घेतले पाहिजे.

चौथा बदल स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यांचा. 2009 साली गार्मिनची एरा ही मालिका आली, आणि एप्रिल 2010 मध्ये ॲपलच्या आयपॅडने तर सुट्या यंत्रांच्या बाजारालाच आव्हान दिले. मोठा पडदा, स्वस्त नकाशे, सर्व कागदपत्रे एके ठिकाणी, ही नव्या साधनाची बाजू. वैमानिकासाठीच घडविलेले यंत्र अधिक दणकट, त्याच्या कळा हाताला ठाऊक, पडदा उन्हात वाचता येणारा, ही जुन्याची. खानदेशात ह्या वादाचा एक भाग उन्हाळा निकालात काढतो. आयपॅड 35 अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावा असे त्याच्या निर्मात्यांचे सांगणे आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या काचेआड तर त्याहूनही अधिक. तापलेला पडदा प्रथम मंद होतो आणि मग बंद पडतो. ज्या क्षणी नकाशा हवा त्याच क्षणी तो नाहीसा होणे ही कागदाच्या बाबतीत न संभवणारी गोष्ट होय. कागदी नकाशाचे अभिमानी हा मुद्दा वारंवार मांडतात आणि त्यांस उत्तर देणे कठीण जाते.

6. नाव, अंक आणि स्थान

सुट्या यंत्रांविषयीच्या चर्चेत एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते, ती म्हणजे नावांची. यंत्राला प्रदेश दिसत नाही. त्याला नाव वा अंक द्यावा लागतो. 20 डिसेंबर 1995 रोजी कोलंबियात काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचे विमान डोंगरावर आदळून 159 माणसे मृत्यू पावली. रोझो नावाच्या केंद्राकडे जाण्यासाठी वैमानिकांनी संगणकात त्या नावाचे आद्याक्षर भरले होते. यंत्राने मात्र त्याच आद्याक्षराचे बोगोटाजवळचे रोमिओ हे दुसरे केंद्र उचलले आणि विमान डोंगरांच्या दिशेने वळले. यंत्राने आज्ञेचे पालन अचूक केले होते. चूक होती ती शब्द आणि वस्तू ह्यांच्या संबंधातील.

महाराष्ट्रात अशा संदिग्धतेला तोटा नाही. शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे तसे वाशीम जिल्ह्यातही आहे. जळगाव आहे, तसे बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद आहे. सिंदखेडा धुळे जिल्ह्यात आणि सिंदखेड राजा बुलढाण्यात. पिंपळगाव हरेश्वर पाचोरा तालुक्यात आणि पिंपळगाव बसवंत नाशिक जिल्ह्यात. लोकव्यवहाराने ही अडचण पूर्वीच ओळखून नावांना विशेषणे जोडली. फारसीतून आलेले बुद्रुक व खुर्द हे शब्द थोरल्या व धाकट्या वस्तीचा भेद सांगतात. दैवताचे वा तालुक्याचे नाव जोडणे हीदेखील तीच युक्ती. परंतु रोमन लिपीत आणि मोजक्या अक्षरांत बसविलेल्या नावांतून ही विशेषणे गळून पडतात. इंग्रजी अमदानीत धुळ्याचे धुलिया झाले होते आणि तो पाठ जुन्या नकाशांत पुष्कळ काळ टिकला. सिंदखेडा व शिंदखेडा हे दोन्ही पाठ आजही चालतात. विमानतळांपुरता ह्यावर तोडगा म्हणून चार अक्षरांचे संकेत ठरविलेले आहेत. जळगावचा संकेत व्हीएजेएल; त्यातील पहिली दोन अक्षरे भारताच्या पश्चिम विभागाची द्योतक आहेत. संकेत निःसंदिग्ध असतो खरा, परंतु तो अर्थशून्य असतो, आणि अर्थशून्य अक्षरांत झालेली चूक कानाला खटकत नाही. अनुभवी वैमानिक ठिकाण भरल्यावर अंतर व दिशा पडताळून पाहण्याचा आग्रह धरतात तो ह्यामुळे. धुळ्याहून जळगाव म्हणून भरलेले ठिकाण 44 सागरी मैलांऐवजी शंभर मैलांवर दिसू लागले तर नाव चुकले, हे कळण्यासाठी आधी ते अंतर वैमानिकाला ठाऊक असले पाहिजे.

अंकांचीही अशीच कथा आहे. 1802 साली लॅम्बटनने मद्रासजवळ आरंभिलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून भारताचे नकाशे सिद्ध झाले. लॅम्बटन 1823 साली हिंगणघाट येथे निवर्तला आणि एव्हरेस्टने ते कार्य पुढे नेले. पृथ्वीच्या आकाराचे एव्हरेस्टने 1830 साली मांडलेले गणित भारतीय नकाशांचा पाया ठरले. जीपीएसचा पाया मात्र डब्ल्यूजीएस-84 ह्या निराळ्या गणितावर आहे. परिणामी एकाच धावपट्टीचे अक्षांश-रेखांश जुन्या नकाशावर एक आणि यंत्रावर दुसरे. खानदेशच्या परिसरात हा फरक सुमारे 100 मीटरच्या घरात जातो. मार्ग काढताना तो नगण्य होय. धावपट्टीची रुंदी मात्र 30 ते 45 मीटर एवढीच असते. आंतरराष्ट्रीय संघटनेने 1 जानेवारी 1998 पासून विमानवाहतुकीसाठी डब्ल्यूजीएस-84 हे एकच मानक लागू केले, आणि भारताच्या 2005 सालच्या नकाशाविषयक धोरणाने नागरी नकाशेही त्या पायावर आणण्याचा मार्ग मोकळा केला. मधल्या काळात जुन्या नकाशावरून अंक उतरवून यंत्रात भरणाऱ्या वैमानिकास यंत्र चुकते असे वाटले असेल, तर त्याचा दोष ना यंत्राचा ना नकाशाचा. दोघेही आपापल्या भाषेत खरेच बोलत होते.

7. विश्वासाचा प्रश्न

जीपीएसवरील पहिल्या पिढीचा आक्षेप अचूकतेविषयी होता; तो 2000 नंतर मावळला. दुसऱ्या पिढीचा आक्षेप वैमानिकाच्या परावलंबनाविषयी होता. अलीकडे ह्यांत तिसऱ्याची भर पडली आहे. संकेत येतो कोठून, आणि तो खरा कशावरून, हा तो प्रश्न होय.

भारताने ह्या बाबतीत स्वतःची व्यवस्था उभारली आहे. विमानपत्तन प्राधिकरण व भारतीय अंतराळ संशोधन संस्था ह्यांनी उभारलेली गगन ही यंत्रणा जीपीएसच्या संकेताची परीक्षा करून दुरुस्ती कळविते, आणि संकेत विश्वासार्ह नसेल तर तसा इशाराही देते. 2013 च्या अखेरीस मार्गक्रमणासाठी व 2015 साली उतरण्याच्या मार्गदर्शनासाठी तिला प्रमाणपत्र मिळाले. 28 एप्रिल 2022 रोजी राजस्थानातील किशनगड येथे एक प्रवासी विमान गगनच्या साहाय्याने उतरविण्यात आले. खर्चिक भूकेंद्रे नसलेल्या लहान विमानतळांना ही व्यवस्था उपकारक ठरेल असा तिचा दावा आहे, आणि जळगाव-धुळ्यासारखी ठिकाणे ह्याच वर्गातील होत. तथापि उपकरण प्रमाणित असून विमानात कायम बसविलेले असेल तरच त्या आधारे ढगांतून उतरता येते. सुट्या यंत्राला हा अधिकार कोणत्याही देशात नाही. सर्वसामान्य वैमानिकाच्या मनात हा भेद पुसट होत जातो, कारण दोन्ही पडद्यांवरील चित्र सारखेच देखणे असते.

ह्याच्या उलट टोकास संकेतात घडवून आणलेली विकृती आहे. 2023 साली पश्चिम आशियातील आकाशात विमानांना खोटे संकेत मिळू लागल्याचे वृत्त आले, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने त्याविषयी परिपत्रक काढले. संकेत बंद पडला तर वैमानिकाला ते कळते. संकेत खोटा असला तर पडद्यावर सर्व काही सुरळीत दिसते. अशा वेळी खात्रीचे साधन पुन्हा तेच उरते: होकायंत्र, घड्याळ आणि खाली दिसणारी नदी. जुन्या विद्येचे जे पुरस्कर्ते स्मरणरंजनात रमल्यासारखे वाटत होते, त्यांच्या मताला ह्या घटनांनी अनपेक्षित बळ दिले.

8. समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, नव्या वैशिष्ट्याविषयीचे वैमानिकाचे मत केवळ स्वभावावर अवलंबून नसते. तो कोणत्या भूमीवर, कोणत्या ऋतूत व कोणत्या कायद्याखाली उडतो ह्यावरही ते अवलंबून असते. अमेरिकेत नावाजलेली हवामान-सेवा खानदेशात निरुपयोगी ठरते, आणि अजिंठ्याच्या कड्याआड रेडिओला पारखा झालेला वैमानिक जीपीएसचे महत्त्व इतरांहून अधिक जाणतो. दुसरी अशी की, वाद यंत्र घ्यावे की न घ्यावे असा राहिलेला नाही. धोका अगोदर दाखविणारे वैशिष्ट्य आणि विचाराची गरजच दूर करणारे वैशिष्ट्य ह्यांत वैमानिकांनी स्वतःच भेद केला आहे. भूउंचीच्या इशाऱ्याविषयीची एकवाक्यता व किरमिजी रेषेविषयीचा मतभेद हे त्याचे गमक होय. तिसरी अशी की, यंत्र जितके अचूक होत जाते तितकी त्याची चूक ओळखणे कठीण होत जाते, आणि म्हणून ती ओळखणारी विद्या यंत्राबरोबर कालबाह्य ठरत नाही.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी भारतात 200 तासांचे उड्डाण आणि त्यात किमान 300 सागरी मैलांचा, दोन अन्य विमानतळांवर उतरून पुरा करावयाचा एक प्रवास आवश्यक असतो. खानदेशातील शिकाऊ वैमानिक ह्या तासांतील काही तास पडदा झाकून, तापी उजवीकडे की डावीकडे एवढ्याच आधारावर काढतो की नाही, ह्यावर वरील वादाचा व्यवहारातील निकाल अवलंबून आहे. त्या निकालाची नोंद होणे इतिहासाच्याही दृष्टीने अगत्याचे आहे. यंत्रांच्या मालिका, त्यांची वर्षे व त्यांचे गुण निर्मात्यांच्या पत्रकांत टिकून राहतील. धुळे, शिरपूर व जळगाव येथील प्रशिक्षकांची व विद्यार्थ्यांची मते मात्र त्यांच्या बोलण्यात आहेत. ती वेळीच टिपून ठेवली नाहीत, तर विमानविद्येच्या ह्या पर्वाचा इतिहास पुन्हा एकदा यंत्रांचाच इतिहास होऊन बसेल.